परदेशी पाहुणा, मुक्काम शेंद्रा

साहेबांनी माझ्या डोक्यावरचा फेटा काढून घेतला. सोताच्या हातानं बांधला होता, सोताच्याच हातानं काढला.

चूक माझीच. तोंड उघडलं. मॅरेथॉन भरवणारे हे साहेब. आदल्या दिवशी परदेशी पाहुण्यांचा सत्कार चालला होता. फेटा कानावर आवळला, म्हणून म्हणलं, "साहेब, जरा ढिला करा की."

साहेब बघतच राहिले. परदेशी माणसाला मराठी कुठून? मी येडा, दात काढून सांगितलं, हितल्याच शेंद्र्याचा हाय. मग आडनाव इचारलं. तेबी सांगितलं. साहेबांच्या बायकोनं ओवाळायचं ताट टेबलावर ठेवून दिलं.

"हा राहू दे. दुसऱ्या पाहुण्याला लागेल," साहेब म्हणले.

मी हसलो.

शाळेचं अन् माझं कधी जमलं नाय. पळायचं तेवढं येतं. आखातात विटा उचलायला गेलो, तिथं मजुरांच्या शर्यतीत पहिला आलो. त्या देशानं मला पळायला ठेवून घेतलं. नाव बदललं. कागद वाचता येत नाय, तरी सही ठोकली. इकडचा पासपोर्ट गेला. तिकडचा मिळाला, तो पाय चालतेत तवरच. अन् त्यांच्या बनियनवर माझ्याच शहरात पळायला आलो.

साहेबांनी आमच्या मॅनेजरला बाजूला घेतलं. जाहिरातीत परदेशी छापलेलं. मॅनेजर येऊन म्हणला, "कल मुँह मत खोल. खोला तो घर जा."

घर कुठलं, ते त्यानं सांगितलं नाय.

पळालो. तिसरा आलो. स्टेजवर माझ्याशेजारी एक दुभाषी बाई उभी केली. मला मराठी समजवायला. खांबावानी उभा राहिलो.

बाई माइकवर म्हणली, "पाहुणे या शहरात पहिल्यांदाच आलेत. त्यांना शहर फार आवडलं."

खाली टाळ्या. सगळ्यांच्या आधी माझ्या बापाच्या. गारखेड्यात लोकांच्या गाड्या धुतो माझा बाप. मीच त्याला फोनवर सांगितलं होतं, बाबा, वळख दाखवू नका, पोटाचा सवाल हाय. अन् आपलं पोरगं या शहरात कधी आलंच नाय, हे ऐकून बाप टाळ्या वाजवत होता. जोरजोरात. माझी नोकरी टिकावी म्हणून.

जिंदगीभर हसत आलो. तिथं हसू आटलं. बाईच्या हातातला माइक घेतला.

"मी हितलाच हाय. ते टाळ्या वाजवतेत ना, ते माझे वडील. बाबा, बास करा."

साहेबांनी वायर उपटायला लावली. पण तेवढं सगळ्यांनी ऐकलं.

त्याच दुपारी मॅनेजरनं पासपोर्ट नेला. आता तिकडचा नाय, इकडच्या कागदावरबी नाय. हापिसात बाबू इचारतो, तू नक्की कुठला? मला सांगता येत नाय. बाप म्हणतो, "गप राहिला असतास तर." त्याचं खरं हाय. कधी कधी वाटतं, पाय कापून टाकावेत.

पण एक पक्कं. बापाला वळखू नको, या बोलीवर कुणी भाकर दिली, तर ती खाणार नाय. उपाशी पळंन. माझ्या नावानं पळंन.