पूजेतली सायकल

माझा दीर भागोजी लांज्यात वेल्डिंग करायचा. कातळाच्या वाटेवर टिकेल अशी जाड पाइपांची सायकल त्याने स्वतः जोडली, पण पाइप न विचारता आमच्या विहिरीच्या पंपाचे कापले. शहाऐंशीच्या खंडेनवमीला ती हत्यारांसोबत पूजेत दिसली आणि आमच्या ह्यांचं डोकं फिरलं. ह्यांनी भागोजीला कानफटवून खाली पाडलं. पूजेतली हत्यारं त्या दिवशी उचलत नाहीत, तरी घण उचलला.

“हाण, दादा. वाकली तर बापाचं नाव लावणार नाही.”

तिसऱ्या घावाला घण उसळून ह्यांच्याच कपाळावर बसला. झेंडूचा हार रक्ताने भिजला.

भागोजीने देवाला हात जोडून पूजेतली सायकल उचलली, ह्यांना दांडीवर बसवलं आणि कातळावरून थेट दवाखान्यात नेलं.

टाके पडताना हे म्हणाले, “पाइप चांगला होता माझा.”