उकंडरावांचा गेरू

इंझोरीच्या उकंडरावांना सगळा भाग नागिणीसाठी ओळखत असे. अंगावर एकाच बाजूला पुळ्यांचा पट्टा उठतो, जिवाची आग आग होते, ती नागीण. माणसाला ओट्यावर बसवायचं, उगाळलेला गेरू पट्ट्याभोवती बोटानं फिरवायचा, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायचं आणि मीठ बंद करायला सांगायचं. पंधरा-वीस दिवसांत माणूस बरा होई. चाळीस वर्षं त्यांनी हे केलं आणि एका नारळाखेरीज कोणाकडून काही घेतलं नाही. माणूस सरळ, पण स्वतःच्या बोटावर त्यांचा भारी विश्वास. हे त्यांना तोंडावर सांगायची गावात कोणाची टाप नव्हती.

करोनाची लस शाळेत आली तेव्हा त्यांचा मुलगा किशन हात धरूनच त्यांना घेऊन गेला. दंड दुखला, एक दिवस कणकण आली आणि गेली. बाराव्या दिवशी सकाळी मात्र उजव्या कपाळात आग सुरू झाली. संध्याकाळपर्यंत पुळ्या भुवईतून पापणीवर आणि तिथून नाकाच्या शेंड्यावर उतरल्या.

पंचफुलाबाईंनी नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि हातातली परात खाली ठेवली. "डोयाजवळ आली हे. अकोल्याले चला, डॉक्टरले दाखवू."

"जगाची नागीण म्या उतरवली, अन् माही डॉक्टर उतरवीन? लोक शेण घालतीन तोंडात!"

किशननं दारात गाडी आणून उभी केली. तीही त्यांनी परत पाठवली. मग खिडकीत आरसा टेकवला आणि स्वतःच्या कपाळावर स्वतःच गेरू फिरवला. दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. तिसऱ्या दिवशी उजेड सोसेना. चौथ्या दिवशी आरशातला माणूस धुरकट दिसू लागला, तरी बोट फिरतच होतं. मीठ सोडलं होतं, सगळं रीतसर चाललं होतं. त्यांना भीती डोळ्याची नव्हतीच. आपण दवाखान्याची पायरी चढलो तर उद्या आपल्या ओट्यावर कोण बसेल, ही होती.

आठव्या दिवशी उजव्या डोळ्याला पंचफुलाबाई दिसेनाशा झाल्या, तेव्हा कुठे ते गाडीत बसले.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई वयानं किशनएवढ्या. त्यांनी यंत्रातून बराच वेळ डोळा पाहिला. बुबुळावर व्रण पडला होता, आतही सूज होती.

"लसीनं झालं काय हो, बाई?" किशननं विचारलं.

"लसीनंतर असं क्वचित कोणाला झालेलं आहे. पण लसीमुळेच झालं, असं सांगता येणार नाही. हा विषाणू लसीतून आलेला नाही. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या, तेव्हापासून तो यांच्या अंगात झोपून होता. पहिल्या तीन दिवसांत आला असतात तर गोळ्या देऊन डोळा बहुतेक वाचला असता. आता ही नजर परत येईल असं वाटत नाही."

"बाई," उकंडराव म्हणाले, "म्या गेरूनं शेकड्यानं लोक बरे केले."

"आजोबा, नागीण बहुतेकांची आपोआपच बरी होते. दोन-तीन आठवडे लागतात."

बाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या चिठ्ठी लिहीत होत्या. उकंडरावांना मात्र कोणी भर बाजारात अंगावरचं धोतर ओढल्यासारखं झालं. एक डोळा गेला आणि त्याबरोबर चाळीस वर्षंही गेली. त्यातलं जास्त काय दुखत होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दिवाळीनंतर एका दुपारी दारात जीप थांबली. शेलूबाजारच्या रुखमाबाईंना त्यांचा मुलगा जगदेव घेऊन आला होता. कपाळावर पुळ्या, डोळा लाल, नाकाच्या शेंड्यावरही एक पुळी. कालच उठलेलं.

उकंडराव ताडकन उठले. "जगदेव, अजून टाइम हाये. आत्ताच्या आत्ता अकोल्याले ने मायले. गोळ्या भेटतात."

"आमी तुमचं नाव आयकून आलो, बाबा. तुमी गेरू लावा."

"गेरूनं काई होत नाई रे! म्या सांगून राह्यलो ना! हा पाह्य माहा डोया!"

रुखमाबाईंनी हात जोडले. "असं नोका करू, भाऊ. काई चुकलं काय आमचं?"

उकंडरावांनी हातापाया पडून पाहिलं, शिव्याही घातल्या. मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. जगदेव आईला हळूच म्हणाला, "चाल माय. डोया गेला तसा बुढ्याचा गुणबी गेला."

आयुष्यभर लोकांनी त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. ते पहिल्यांदा खरं बोलले, तर कोणी ऐकेना. पंचफुलाबाई रस्त्यापर्यंत जीपमागं पळाल्या आणि धापा टाकत परत आल्या.

"अकोल्याले गेले काय?"

"नाई. मुन्नाकडं गेले, गेरू लावाले."

शेजारच्या गावच्या मुन्नाला गेरू लावायला उकंडरावांनीच शिकवलं होतं.