भीतीवर भरलेली जाखडी

बोटीवर नोकरी करणारा तो गृहस्थ माझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात एकदाच आला. परदेशातून आणलेला छोटा कॉम्प्युटर तो पुतण्याला देणार होता. त्यावरचं लिखाण तेव्हा गाण्याच्या साध्या कॅसेटवर साठत असे. सोबत द्यायच्या कॅसेटवर त्याने समुद्रात वाटलेली भीती लिहून ठेवली होती, आणि ती पुतण्याने वाचायला नको होती.

“मी पुसलंय सगळं,” तो म्हणाला.

“ते पडद्यावरचं. कॅसेटवर दुसरं काही भरल्याशिवाय आधीचं जायचं नाय,” मी ठणकावलं आणि टेपरेकॉर्डर पुढे सरकवला.

त्याने चपला काढल्या, कानावर हात ठेवला, आधी गणपतीचा गण म्हटला आणि मग कॅसेटची बाजू संपेपर्यंत जाखडीची, आमच्या कोकणातल्या नाचाची, गाणी खणखणीत गायली.

“आता पुतण्याला हेच ऐकू येईल,” मी म्हणालो.

“येऊ दे. घरात सगळे मला गाणारा म्हणूनच ओळखतात.”