कानांवरचे तळवे

सकाळी विद्यापीठात मानसशास्त्राचे तास व्हायचे आणि दुपारी सर्वसमावेशक शिक्षणाच्या सरावासाठी मी जवळच्या शाळेत जायचे. तिथे दुसरीच्या वर्गात सई होती. घंटा झाली की ती घाबरून वर्गाबाहेर पळायची. तिला याच शाळेत ठेवावं की नाही, असा तिच्या बाईंना प्रश्न पडला होता.

एके दुपारी घंटा झाली आणि मी सईला धरायला धावले. तोवर तिच्या शेजारी बसणाऱ्या अमीनाने आपले दोन्ही तळवे तिच्या कानांवर ठेवले होते. सई जागची हलली नाही.

"तुला कुणी सांगितलं गं असं करायला?" मी विचारलं.

"कुणी नाही. तिला टोचतो ना आवाज," अमीना म्हणाली.

मनाचा अभ्यास आणि सगळ्या मुलांनी एकत्र शिकण्याचा अभ्यास हे मला तोवर दोन वेगळे विषय वाटायचे. त्या दोघींकडे बघता बघता ते कधी एकमेकांत मिसळले, कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली आणि अमीनाने पुन्हा सईचे कान झाकले, तेव्हा सईनेही हात उचलले आणि अमीनाचे कान घट्ट झाकले.

"राहू दे हिला इथंच," बाई हळूच म्हणाल्या.

अमीनाला आवाजाचा काहीच त्रास नव्हता. तरी घंटा थांबेपर्यंत ती हसू दाबून, मान न हलवता उभी राहिली.