डबाभर सुकटीसाठी मिरकरवाडा

चिपळूणजवळ सावर्ड्याला आमच्या घरात पावसाळ्याची तयारी म्हणजे सुकटीचा डबा भरणं. सुकी मासळी विकणाऱ्या सुलभाकाकू दरवर्षी मे महिन्यात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून आमच्या बाजाराला येतात आणि आई त्यांच्याकडून चार महिन्यांची सुकट, म्हणजे वाळवलेला जवळा, बारीक कोळंबीच ती, घेते. यंदा काकू आल्याच नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "वाळला तर येईन ना बाय! ऊनच टिकत नाय."

मी घरातली पहिली पदवीधर, त्यात विषय पर्यावरण. हवामानाचे इशारे फोनवर फुकट मिळतात, ते कुणी वेळेवर वाचून दाखवले की निम्मं काम झालं, असं मला मनापासून वाटत होतं. आईने रिकामा डबा पिशवीत घातला आणि मी निघाले.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण सावर्ड्याला जागा मिळेलच असं नाही. मी संगमेश्वरपर्यंत उभी होते. महामार्गाचं काम अजून चालूच आहे, त्यामुळे अडीच तास धरून चाला आणि तोंडाला बांधायला रुमाल ठेवा. रत्नागिरी स्टँडवरून मिरकरवाड्याला रिक्षा मिळते. मासळीचा लिलाव बघायचा तर सकाळी लवकर पोचा, आणि फोटो काढण्याआधी विचारा. बायका कामात असतात.

काकू आणि त्यांची जाऊ मंदाकाकी बंदरामागच्या मोकळ्या जागेत जुनी जाळी अंथरून जवळा पसरत होत्या. थोड्याच दिवसांत मासेमारी बंद होणार. त्याआधी जे वाळेल त्यावर दोघींचा पावसाळ्याचा धंदा. मीही पदर खोचल्यासारखी ओढणी खोचली. अर्ध्या तासात पाठ भरून आली.

दुपारी बाराला फोनवर नारिंगी इशारा आला: दोन तासांत वादळी पाऊस. मी ओरडलेच. काकूंनी समुद्राकडे बघितलं. "वारा तसा वाटत नाय गो. पण तू शिकलेली." आम्ही तिघींनी धावपळ करून अर्धा ओला जवळा गोळा केला, ढीग घातला, वर ताडपत्री बांधली.

पाऊस आला नाही. चारपर्यंत कडक ऊन. ताडपत्री उचलली तेव्हा आतून गरम वाफ आणि आंबूस वास. ओला जवळा झाकला की घाम धरतो, हे तिथल्या कुणालाही माहीत असतं. मला नव्हतं, आणि काकूंनी माझ्या शब्दाखातर ते बाजूला ठेवलं होतं.

"तुझ्या मोबाईलचा पाऊस खंय पडला गो?" मंदाकाकी म्हणाली. "चिपळुणात?"

तो जवळा कोंबड्यांच्या खाद्यासाठी गेला. रात्री मी तिथेच राहिले. जेवायला काकूंनी बांगड्याचं तिखलं आणि भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी बोटीवरून ताजा जवळा आणला आणि पुन्हा पसरला. दुपारी एकला माझ्या फोनवर तोच इशारा, तोच रंग. मी वाचला आणि फोन पिशवीत, आईच्या डब्याखाली, सारला. पुन्हा हसं नको.

तीनच्या सुमाराला दक्षिणेकडून काळोख चालत आला. आम्ही जाळ्यांची टोकं धरेपर्यंत पाऊस कोसळला होता. असा, की पलीकडच्या बोटी दिसेनात. आमच्या डोळ्यांदेखत जवळा गटारात वाहून गेला. समुद्र तापला की हवा जास्त बाष्प धरते आणि ते एकदम ओतते, हे मी परीक्षेत नीट लिहिलं होतं. पायाला चिकटलेला जवळा मात्र पहिल्यांदाच बघत होते.

पत्र्याखाली निथळत काकूंनी विचारलं, "फोनात काय नव्हता?"

"होतं."

"मग बोललीस का नाय?"

"काल चुकलं म्हणून..."

काकू खाली बसल्या. "माझा सासरा वारा बघून सांगायचा. तो पण चुकायचा. पण म्हणून तो गप्प बसला नाय कधी. आता वारा मलाच कळेनासा झालाय. तू पण गप्प बसलीस तर मी कुणाला विचारू?"

मंदाकाकीनेही टोमणा मारला नाही. तो मारला असता तर बरं वाटलं असतं.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर सगळं हिरवंगार, धुतलेलं. असा प्रवास एरवी मला आवडतो. त्या दिवशी नुसती झोप येत होती.

आईने डबा हलवून बघितला आणि फळीवर उपडा ठेवला. तिथे गेले, मदत करून आले, असं मी कुणाला सांगू शकत नाही. एक दिवस बोलून नुकसान केलं, एक दिवस न बोलून. दुसरं जास्त लागलंय.

आता मासेमारी बंद झाली, बोटी किनाऱ्याला लागल्यात. आज सकाळी पुन्हा इशारा आला. बराच वेळ फोन हातात धरून बसले, मग लावला.

"काकू, दुपारी जोराचा पाऊस दाखवतायत. चुकेलही कदाचित."

"सुकवायला आता काय ऱ्हायलंय बाय," पलीकडून थकलेला आवाज आला. मग म्हणाल्या, "पण सांगत जा."