हिरवी ओळ

राग गिळून टाकावा, असं माझी आई सांगायची. मला ते कधी जमलं नाही. सकिनाभाभीलाही जमलं नाही, आणि बहुधा म्हणूनच आम्ही दोघी बारा वर्षं एका काउंटरवर टिकलो. मस्कतच्या गाला भागातलं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. अर्बाब, म्हणजे आमचा ओमानी मालक, महिन्यातून दोनदा येतो, कपभर अरबी कावा पितो, सह्या करतो आणि जातो. पार्ट शोधायचा सकिना परकारनं, बिल फाडायचं मी, किशोरीनं. ती दाभोळची, मी गुहागरची, मधे फक्त खाडी.

काउंटरवर गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, चौदा सालच्या पजेरोचे ब्रेक पॅड द्या. भाभी हलत नाही. गाडीचं नाव नको, चेसिस नंबर सांग, एवढंच म्हणते. कारण एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असल्या तरी एक आखातासाठी बनलेली असते आणि दुसरी जपानहून वापरून आलेली. पहिलीचा पार्ट दुसरीला बसत नाही. नवा मेकॅनिक हुज्जत घालतो, चुकीचा पार्ट घेऊन जातो आणि तासाभरानं तोंड पाडून परत येतो. मग भाभी त्याला मुद्दाम दहा मिनिटं उभं ठेवते. मला ते फार आवडतं.

हीच बाई जून महिन्यात आणखी एक काम करते. दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात, तेव्हा मस्कतभरातले आईबाप बारावीच्या पोरांना घेऊन आमच्या मागच्या दारानं आत येतात. पोराचा इंजिनिअरिंगच्या परीक्षेतला नंबर सांगतात आणि विचारतात, दुसऱ्या राज्यातल्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर मिळेल का? भाभी आधी पासपोर्ट मागते. पासपोर्टावर गावचा पत्ता कुठल्या राज्याचा, ते बघते. मग जाडजूड फाइल काढते. तीत प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक ब्रँचला, गेल्या सहा वर्षांत शेवटचा नंबर कितीवर थांबला, ते छापून लावलेलं. त्या राज्यातल्या मुलांची ओळ वेगळी, बाहेरच्यांची वेगळी, मुलींच्या राखीव जागांची आणखी वेगळी. कॉलेजचं नाव सांगू नका, तुमची ओळ कुठली ते बघा, असं ती म्हणते. मिळेल म्हणाली की मिळतं. नाही म्हणाली की बाप गाडीत बसून रडतो, पण पुढच्या वर्षी धाकट्याला घेऊन तिच्याकडेच येतो.

हे सगळं तिनं समाजसेवा म्हणून केलं असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्या तोंडावर हसेन. तिनं हे एका माणसाला संपवण्यासाठी केलं. त्या माणसाचं नाव शरीफ दलवाई.

शरीफसर आमच्या खाडीपट्टा मंडळाचे अध्यक्ष. मंडळात हिंदू-मुसलमान सगळेच, गाव हीच जात. सरांचा शिकवणीचा क्लास होता आणि पोरांनी कुठं अर्ज करायचा, ते सरच ठरवायचे. सहा वर्षांपूर्वी ईद मिलनच्या दिवशी त्यांनी हॉलमध्ये टेबल टाकलं आणि एकेकाची पसंतीच्या क्रमानं कॉलेजांची यादी तयार करून द्यायला सुरुवात केली. भाभीचा मुलगा सुफियान तेव्हा बारावी झालेला. हुशार पोरगा. आमच्या दुकानातली पार्टची सगळी यादी त्यानं पंधराव्या वर्षी कॉम्प्युटरवर चढवली होती, अजून आम्ही तीच वापरतो. त्याला कॉम्प्युटरच शिकायचं होतं. त्याचा नंबर साडेसात हजार.

सरांनी दक्षिणेतल्या एका नावाजलेल्या कॉलेजचा कागद काढला, कॉम्प्युटरच्या एका ओळीवर हिरवी खूण केली आणि म्हणाले, शेवटचा नंबर नऊ हजार, पोराचं काम झालंच समजा. आणि समजा, नाहीच झालं, तर खाली त्याच कॉलेजच्या बाकीच्या ब्रँच टाकू. आधी आत शिरायचं, मग ब्रँच बदलून घ्यायची, व्हिसा बदलतो तशी.

सगळ्या हॉलनं माना डोलावल्या. का नाही डोलावणार? आमचा एकूण एक माणूस असाच तर इथं आलाय. मिळेल त्या व्हिसावर आत यायचं, मग ओळख काढून हवा तो करून घ्यायचा. भाभीचे यजमान महमूदभाई माळ्याच्या व्हिसावर आले, एका झाडाला पाणी घातलं नाही, आणि आज वीस वर्षं बंद पडलेल्या गाड्या ट्रकवर चढवून इब्र्यापासून सोहारपर्यंत वाहतात. कॉलेजातही असंच चालत असेल, यात कुणाला शंका आली नाही.

फक्त भाभी कागदाकडे बघत होती. रोजची सवय. ती म्हणाली, "सर, ही ओळ त्या राज्यातल्या पोरांची दिसते. आपली खालची आहे ना? तिथं तीन हजार लिहिलंय."

सरांनी चष्मा वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाभी, तुम्ही ब्रेक पॅड विका. ॲडमिशनचं आमच्यावर सोडा."

लोक हसले. माझा नवराही हसला, त्याचं मी नंतर बघितलं. भाभी खाली बसली. सुफियान तेव्हा बाहेर पार्किंगमध्ये पोरांबरोबर क्रिकेट खेळत होता, त्याला यातलं काहीच कळलं नाही. संध्याकाळी घरी यादी पक्की करायच्या आधी त्यानं तिला विचारलं, अम्मी, बरोबर वाटतंय ना? ती म्हणाली, सरांनी बघितलंय. हे तिनं मला दुसऱ्या दिवशी काउंटरवर सांगितलं, आणि त्यानंतर कुणालाच नाही.

कॉम्प्युटर मिळालं नाही. यादीत खाली होतं ते त्याच कॉलेजचं धातुशास्त्र मिळालं. ईशान्येकडच्या एका लहान सरकारी कॉलेजात त्याच नंबरावर कॉम्प्युटर मिळालं असतं, पण ते यादीत धातुशास्त्राच्याही खाली होतं, आणि ॲडमिशनचं यंत्र यादी वरून खाली वाचतं, पहिलं जे मिळेल तिथं थांबतं. ब्रँच बदलायला वर्गात पहिल्या दोघांत यावं लागतं, ते तिथं गेल्यावर समजलं. पोरगं पाचवं आलं. आता सोहारच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर पाळी करतं. गुरुवारी संध्याकाळी घरी येतं, शुक्रवारभर झोपतं, शनिवारी परत जातं. तक्रार करत नाही. त्यानं कधी तक्रार केली असती तर भाभीला बरं वाटलं असतं.

हिरवी खूण केलेला तो कागद तिनं काउंटरच्या काचेखाली लावला, आपल्याच बाजूनं, आपल्यालाच दिसेल असा. मग फाइल सुरू झाली. पहिल्या वर्षी दोन पोरं आली, दुसऱ्या वर्षी अकरा. प्रत्येकाला ती विचारायची, शरीफसरांनी काय सांगितलं? आणि मग त्यातली चूक बोट ठेवून दाखवायची. सगळ्यांसमोर, सावकाश. तीन वर्षांत सरांचं टेबल ओस पडलं. चौथ्या वर्षी त्यांनी ते टाकलंच नाही. त्या दिवशी मी दुकानात शिरा केला होता. गोड कशाबद्दल म्हणून कुणी विचारलं नाही, पण भाभीनं दोनदा घेतला.

आणि यंदा जूनमध्ये, दुपारी दीड वाजता, मागच्या दारात शरीफसर. सोबत मुलगी, अफशीन. सरांचे केस गेलेले, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. यादी पक्की करायची मुदत आमच्या घड्याळात साडेतीनची. दोन तास उरलेले.

सर म्हणाले, माझा आता माझ्यावरच भरवसा राहिला नाही, एकदा बघा. त्यांनी कागद काउंटरवर ठेवला, नेमका त्या काचेवर. काचेखालची हिरवी ओळ त्यांना दिसली असणार. 

भाभीनं यादी वाचली. मीही तिच्या खांद्यावरून वाचली, सहा वर्षांत मलाही थोडं कळायला लागलंय. मुलीचा नंबर चार हजार दोनशे. या खेपेला सरांनी बरोबर ओळ बघितली होती, बाहेरच्यांची, शेवटचा नंबर तीन हजार. म्हणून घाबरून त्यांनी ते दक्षिणेतलं कॉलेज पार खाली टाकलं होतं, आणि सगळ्यात वर ईशान्येतलं लहान कॉलेज. पण मुलींच्या राखीव जागांची ओळ त्यांनी बघितलीच नव्हती. तिथं कॉम्प्युटर पाच हजारांवर थांबलं होतं. यादीतली ती एक ओळ सगळ्यात वर नेली की पोरीला मिळत होतं. तेच कॉलेज, तेच कॉम्प्युटर, जे सुफियानला हवं होतं. आणि वर नेली नाही, तर यंत्र पहिल्याच ओळीवर थांबणार आणि कुणाला कधी कळणारही नाही की काय गेलं.

भाभीनं फक्त ठीक आहे म्हणायचं होतं. दोन शब्द. मी काउंटरखालून तिच्या पायावर पाय ठेवला. म्हण ना, म्हण. मला त्या क्षणी ते इतकं हवं होतं की जीभ माझी वळवळत होती. मी चांगली बाई आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही.

भाभीनं पोरीला विचारलं, तुला स्वतःला काय पाहिजे? अफशीन इंग्रजीत सुरू झाली, मग अडखळत मराठीवर आली. म्हणाली, "आन्टी, मला सीएसच पाहिजे. तेच कॉलेज फर्स्ट होतं माझं. पण अब्बा बोलतात, नको, आपली इज्जत आधीच गेली."

भाभीनं पाय माझ्या पायाखालून काढून घेतला. यादी उलटी करून ठेवली, वर हात ठेवला, आणि सरांना म्हणाली, "मिळेल की नाही, ते मला ठाऊक आहे. सांगते. पण ईद मिलनला माइकवर उभं राहायचं आणि त्या दिवशी काय झालं ते सगळं बोलायचं. मी काय म्हणाले ते, आणि तुम्ही काय म्हणालात ते. एक शब्द गाळायचा नाही."

सर घड्याळाकडे बघायला लागले. भाभीनं गडबड केली नाही. तिनं चहा मागवला, तो प्यायली, मधेच एका गिऱ्हाइकाचा फोन घेतला आणि त्याला चेसिस नंबर विचारला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं तरी तिचा हात यादीवरून हलला नाही. पावणेतीनला सर म्हणाले, बोलेन. भाभीनं अल्लाची शपथ घ्यायला लावली, त्यांनी घेतली. मग भाभीनं अफशीनच्याच हातानं ती ओळ सगळ्यात वर नेली. चार दिवसांनी पोरीला ते कॉलेज मिळालं.

महिनाअखेरच्या शुक्रवारी ईद मिलन. तोच हॉल. भाभी नवी ओढणी घेऊन पहिल्या रांगेत, शेजारी मी. महमूदभाई बिर्याणीच्या पातेल्यांपाशी. सुफियानला भाभीनं मुद्दाम बोलावून घेतलं होतं, झोपू दिलं नव्हतं. तुझ्या डोळ्यांनी बघ, असं म्हणाली होती. तो मागे भिंतीला टेकून उभा होता.

शरीफसर माइकवर गेले. मला वाटलं, माणूस शब्दांत पळवाट काढेल. नाही काढली. म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी याच ठिकाणी मी सुफियान परकारची यादी केली. चुकीची ओळ बघितली. सकिनाभाभींनी ती चूक तिथल्या तिथं दाखवली, बरोबर आकडा वाचून दाखवला. मी त्यांना म्हणालो, तुम्ही ब्रेक पॅड विका, ॲडमिशनचं आमच्यावर सोडा. लोक हसले. त्या बरोबर होत्या. पोराचं वाटोळं मी केलं. आज माझ्या पोरीचं भलं त्यांनी केलंय."

 मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. जे हसले होते तेही वाजवत होते, माझा नवरा सगळ्यात जोरात. भाभी ताठ बसून होती. सहा वर्षांची वसुली झाली, शब्दन् शब्द. मी तिचा हात दाबला. माझा जीव इतका थंड झाला होता की मला मागे वळून बघायचं सुचलंच नाही.

सुफियान पुढे आला तेव्हा टाळ्या थांबल्या होत्या. तो शरीफसरांसमोरून गेला, त्यांच्याकडे बघितलंही नाही. आईसमोर उभा राहिला आणि हळू आवाजात विचारलं, "अम्मी, तुला दिसलं होतं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. 

"दिसलं होतं," ती म्हणाली.

"मी तुला विचारलं होतं घरी."

"हो."

 मग त्यानं बापाकडून गाडीची चावी मागून घेतली. त्याची पाळी रविवारची होती. तो जेवण वाढायच्या आधीच सोहारला निघाला.