मामींच्या बेसमेंटमधली भुतं

भुतांविषयी माझ्या नवऱ्याच्या मामींइतका जिव्हाळा असलेली बाई कॅनडातल्या अख्ख्या ओटावा शहरात सापडायची नाही. आयुष्यभर पॅथॉलॉजिस्ट म्हणून माणसं कशाने मेली ते शोधलं, आणि रिटायर झाल्यावर कनाटा उपनगरातल्या आपल्या घराच्या बेसमेंटमध्ये त्यांनी जुने, कृष्णधवल कोरियन भयपट लावायला सुरुवात केली. आम्हा नातेवाइकांच्या रविवारच्या दुपारी तेव्हापासून धोक्यात आल्या. बाहेर उणे पंचवीस, छताजवळच्या खिडकीवर बर्फाचा थर, आत निळसर अंधार, घर तापवणाऱ्या फर्नेसची घरघर, आणि पडद्यावर ओल्या केसांची बाई थेट आपल्याकडे बघत उभी. नेमकं अशा वेळी मामी चित्र थांबवायच्या. "ही बुडून मेली म्हणे! मग चेहऱ्यावर सूज कुठेय?" हातातली साबुदाण्याची खिचडी तशीच गार व्हायची. वॉशरूमला जायची परवानगी भूत शांत झाल्यावरच.

पण त्यांचा खरा राग वेगळाच होता. "भुतं कोण होतंय ते बघ. सून, धाकटी बायको, खेड्यातून आणलेली मोलकरीण. सासरा कधी भूत झालेला पाहिलायस? त्याचं सगळं जिवंतपणीच बोलून झालेलं असतं गं." सिनेमाच्या शेवटची श्रेयनामावली त्या डोळे बारीक करून बघत आणि पुटपुटत, "इथेही नुसतं 'मोलकरीण'. एवढ्या घराची झोप उडवली बिचारीने, पण तिला नाव द्यावंसं कुणाला वाटलं नाही."

मागच्या हिवाळ्यात त्यांनी समोरच्या घरातल्या कोरियन आजींना बोलावलं. आजी ऐंशीच्या पुढच्या, मुलाकडे राहणाऱ्या, रस्त्यात भेटल्या तर नुसत्या मान लववणाऱ्या. त्या दिवशीही मांडीवर हात ठेवून गप्प बघत होत्या. सिनेमाच्या शेवटाकडे मेलेली मोलकरीण स्वयंपाकघराच्या दारात आली. तिचे ओठ हलले, खाली इंग्रजी अक्षरं उमटली : मी सूड घेईन. आणि आजी तिच्याशी कोरियनमध्ये बोलायला लागल्या. हळू आवाजात, समजूत घातल्यासारख्या. मामींनी चित्र थांबवलं. भूत दारात तसंच उभं.

"सूड नाही म्हणाली ती," आजी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "भूक लागलीय म्हणाली."

"आणि तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"म्हटलं, बस. आधी जेव."

मग पडद्यावरची नजर न काढता आजींनी सांगितलं. बाराव्या वर्षी त्या सोलमधल्या एका मोठ्या घरात कामाला लागल्या होत्या. सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरलं तर त्यांना मिळे. चार वर्षं त्या घरात त्यांना 'ए पोरी' एवढीच हाक होती. मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी आजी यायच्या. मामींनी मृत्यूची कारणं शोधणं सोडलं. बायका पडद्यावर खरोखर काय बोलतात, ते त्या आजींना विचारायच्या, आणि सिनेमा संपल्यावरही दोघींचं बोलणं संपायचं नाही.

एप्रिलमध्ये आजी गेल्या. फ्युनरल होममध्ये मुलगा म्हणाला, "आई फार शांत होती. कधी काही बोलायची नाही."

"खूप बोलायच्या," मामींच्या तोंडून निघून गेलं.

सगळं आटोपल्यावर तो मामींना शोधत आला आणि पन्नाशीचा तो माणूस शेजारच्या खुर्चीवर अवघडून बसला. "काय बोलायची?" त्याने विचारलं.

"आधी काही खाऊन घे," मामी म्हणाल्या, "मग बाराव्या वर्षापासून सांगते."